तिसऱ्या सर्व्हरची साक्ष

“मी ती पिन काढली नसती, तर ताई रविवारी घरीच थांबली असती ना?”

राजरत्ननं हे वडिलांना, आबांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, सांगलीच्या रक्तपेढीत येऊन तिच्या रिकाम्या खुर्चीलाही विचारलं. उत्तर माझ्याजवळ होतं. मी त्या रक्तपेढीतला तिसरा सर्व्हर बोलतोय.

आम्ही तिघं. अठ्ठ्याण्णव साली राजरत्ननंच आम्हांला पुण्याहून टेम्पोतून आणलं, घरच्या वाकळांत गुंडाळून. तो सातवीत शाळा सोडलेला. थोरली बहीण दीक्षा कराडच्या कॉलेजातली इंजिनीअर. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या रक्तदात्यांची नावं आमच्यात साठवायची, आणि एक बंद पडला तरी उरलेल्या दोघांनी काम रेटायचं, अशी तिची मांडणी. त्यासाठी डेटाबेसचं सॉफ्टवेअर तिघांतही चढवायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळपर्यंत दोघं तयार झाले. मग माझी पाळी आली. पण सीडीला चरा पडला होता. निम्म्यावर आल्यावर मला पुढचं वाचता येईना. पुन्हापुन्हा प्रयत्न करून शेवटी मी माझ्या नोंदीत एक ओळ लिहिली: ‘सीडी वाचता येत नाही, काम थांबवलं. एक वाजून दहा मिनिटं.’ पडद्यावरची पट्टी मात्र निम्म्यावर तशीच उभी. काम चाललंय असं वाटून दीक्षा जेवायला गेली.

एसी बंद होता. ताई येऊन घामानं भिजणार, म्हणून राजरत्ननं टेबलफॅन उचलून आणला. बोर्डात जागा नव्हती. त्यानं माझी पिन काढून फॅनची खोचली. तेव्हा दीड वाजला होता.

“रत्न्या, काय केलंस रं?” दीक्षा दारातूनच म्हणाली.

“लय उकडतंय. तुला वारं नको व्हय?”

“वारं आलं, पर ह्याचा जीव गेला की.” ती हसली. त्याचं तोंड पडलेलं पाहून म्हणाली, “जाऊ दे. रविवारी येऊन परत करते. आबास्नी सांगू नको, टेम्पोची किल्ली काढून घेतील.”

रविवारी ती कराडहून वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं निघाली. इस्लामपूरच्या अलीकडं जीप उलटली. दीक्षा गेली.

पंधरवड्यानं मिरजेचे कॉम्प्युटरवाले अजहरभाई नवी सीडी घेऊन आले. तिघांनाही कोरं करून पहिल्यापासून सुरुवात करायची, असं त्यांनी ठरवलं. राजरत्न आडवा उभा राहिला.

“हात लावू नका. ताईच्या हातचं हाय ते.”

“अर्धवट आहे, बाबा. उद्या रक्तासाठी माणसं धावत येतील. त्यांना काय सांगायचं?”

“दोन तर पुरी हायती.”

“कुठवर काय झालंय, ते सांगणारी गेली. मी भरवसा कसा धरू?”

राजरत्न माझ्याजवळ खाली बसला. माझ्या पत्र्यावर कपाळ टेकून पुटपुटला, “ह्यो तिसरा मीच मारला. तिलाबी मीच.”

मला ओरडून सांगायचं होतं: अजहरभाई, पुसण्याआधी एकदा माझी नोंद उघडा. फक्त शेवटची ओळ वाचा. पिन निघण्याआधी वीस मिनिटं मी थांबलो होतो. पिन निघाली नसती, तरी दीक्षाला नवी सीडी घेऊन रविवारी यावंच लागलं असतं. पण मला तोंड नाही. कुणी विचारलं तरच मी पडद्यावर उमटतो, आणि मला कुणी विचारलंच नाही. आज हे सांगताना ती ओळही उरलेली नाही. उरली ती माझी आठवण. कराडच्या स्टँडमागं टेम्पो लावणारा राजरत्न तुम्हां वाचणाऱ्यांना कधी भेटला, तर त्याला एवढं सांगा. तो अजून तोच प्रश्न घेऊन हिंडत असेल.

त्या दिवशी पडद्यावर सवाल आला: सगळं पुसायचं का? अजहरभाईंनी हात पुढं केला.

“थांबा,” राजरत्न उठला. “रक्तासाठी येणाऱ्या माणसांचा खोळंबा व्हायला नको. पर दुसऱ्या कुणी पुसायचं न्हाई. कंची कळ?”

अजहरभाईंनी बोट दाखवलं. राजरत्ननं शर्टाला हात पुसला. आधी त्या दोघांची, मग माझी, अशी त्यानं तीनदा कळ दाबली.