आधी वेबसाइट, मग छापखाना

मामांच्या साप्ताहिकाचं शेवटचं पान म्हणजे नगरपालिकेच्या निविदा, हे गावाला पाठ होतं. नवा नियम आला आणि ते पान ओकंबोकं झालं. निविदा आधी सरकारी वेबसाइटवर लागायला हवी. इतरत्र छापायची तर त्यानंतरच, तोच मजकूर जसाच्या तसा. नगरपालिकेत हे काम पाहणारी अधिकारी मामांचीच भाची. त्यांनीच तिला लहानाची मोठी केली, म्हणून त्यांच्या तोंडी ती अजून 'चिमणी'च.

रविवारी ती त्यांच्याकडे जेवायला गेली. मामींनी सहज विचारलं, "होडीचा धक्का कधी गं दुरुस्त होणार? उतरताना जीव मुठीत धरावा लागतो."

"शुक्रवारी निविदा लागतेय, मामी," ती म्हणाली आणि बोलण्याच्या ओघात काम काय, मुदत किती, सगळं सांगून गेली. मामा मान खाली घालून जेवत होते.

गुरुवारी साप्ताहिक आलं. शेवटच्या पानावर ठळक चौकटीत धक्क्याची निविदा! ती तडक छापखान्यात गेली.

"मामा, हे काय केलंत?"

"काय केलं? फुकट छापलं. आपले सुतार-गवंडी काय वेबसाइट उघडून बसतात?"

"त्यांना कळायलाच हवं. पण सगळ्यांच्या बरोबरीनं. बाहेरच्यांना उद्या कळणार, इथल्यांना आजच कळलं."

"एका दिवसानं काय आभाळ कोसळतं?"

"माझ्या तोंडून फुटलंय, मामा. मला ते ऑफिसात सांगावं लागेल."

मामा कागदाचे गठ्ठे उगाच इकडून तिकडे हलवत राहिले.

मुख्याधिकारी बाईंनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. "अहवालात मामांचं नाव लिहायलाच हवं का?" त्यांनी विचारलं.

"माझं लिहायचं तर त्यांचंही आलंच, मॅडम."

निविदा थांबली. ती नव्यानं काढायचं काम शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेलं. धक्क्याचं काम लांबलं, तसे लोक तिला येता-जाता 'नियमांची राणी' म्हणू लागले. तेही तिनं गिळलं असतं. पण मामांचा फोन येणंच बंद झालं, ते मात्र तिला लागलं. रविवारी ती आपल्याच घरी एकटी जेवायची.

नवी निविदा लागायची होती, तोही गुरुवारच. दुपारी मामा ऑफिसात आले. बोटांना शाई तशीच.

"मशीन थांबवून आलोय. लागली का?"

"अजून नाही. बसा ना."

ते तिच्या समोर बसले. चष्मा पुसत म्हणाले, "चिमणे, जेवताना ऐकलेलं मी बाजारात नेलं. निदान तुला विचारायचं तरी."

"मीही जिभेला लगाम घालायला हवा होता, मामा."

तेवढ्यात सहकारी ओरडला, "लागली!" मामांनी चष्मा चढवला आणि ते मजकूर उतरवून घेऊ लागले. मध्येच थांबले. "ही भाषा किती बोजड आहे गं! जरा सोपी करू?"

"एक अक्षरही हलवायचं नाही."

"बरं बाई!"

त्या दिवशी साप्ताहिक पहिल्यांदाच संध्याकाळी निघालं, आणि वाचकांनी मामांना यथेच्छ बोल लावले. गावातल्या सुतारांनीही निविदा भरल्या, पण काम मिळालं बाहेरगावच्या ठेकेदाराला. मामा दोन दिवस कुरकुरले, मग त्याचीच मुलाखत घ्यायला निघाले.