पासष्टवर अडलेला आकडा

नामपूरहून कांदेवाल्या सिंधुबाईंचा फोन आला आणि सृष्टीच्या मनात कारखान्यातल्या पुंजारामबद्दल पाल चुकचुकली.

"ताई, चाळीत कांद्याला वास सुटलाय," सिंधुबाई म्हणाल्या, "अन् तुमचं यंत्र म्हणतं सगळं बेस शे! आठ दिस झाले, पासष्टच दाखवतंय."

हवेतली ओल आठ दिवस एकाच आकड्यावर राहत नाही, हे सृष्टीला ठाऊक होतं. अंबडच्या त्या छोट्या कारखान्यात कांदाचाळींसाठी ओल मोजणारी यंत्रं बनत. त्यांचा प्रोग्राम सृष्टी लिहायची. यंत्राची मेमरी इवलीशी. आपल्याला काय काय जोडलंय हे शोधत बसायला तिच्यात जागा नव्हती. म्हणून ओल मोजणारा सेन्सर कोणत्या पत्त्यावर, म्हणजे कोणत्या क्रमांकाला ओ देतो, याची वर्णन-फाईल सृष्टी आधीच लिहून प्रोग्राममध्ये घालायची. फाईल सांगेल तेच यंत्र खरं मानायचं.

फाईल तिनं तीनदा तपासली. सेन्सरचा पत्ता चव्वेचाळीस. बरोबर होता. मग चूक यंत्राच्या सर्किट बोर्डात, आणि बोर्ड जोडायचा पुंजाराम. सुटे भागही तोच सातपूरहून आणायचा. परवा ती जवळ गेली, तर त्यानं घाईनं ड्रॉवर लोटला होता. नक्कीच स्वस्तातले सेन्सर बसवले असणार!

तो जेवायला गेल्यावर तिनं नामपूरला गेलेल्या यंत्राच्याच लॉटमधला एक बोर्ड भिंगाखाली धरला. सेन्सर अस्सल निघाला.

"काय शोधताय मॅडम? चोरी?" मागे पुंजाराम उभा होता.

तिला मान वर करवेना.

"मलाच विचारायचं ना," तो म्हणाला. "या लॉटमध्ये सेन्सरची पत्त्याची पिन दुसरीकडे जोडलीय. पत्ता आता पंचेचाळीस. मी अश्विन सरांना तेव्हाच सांगितलं होतं."

म्हणजे यंत्र चव्वेचाळीसला हाका मारत होतं आणि तिथं कोणीच नव्हतं. मग पासष्ट कुठून येत होतं? तिनं प्रोग्राम पहिल्यापासून वाचून काढला. तिनं न लिहिलेली एक ओळ सापडली: सेन्सर बोलला नाही, तर पासष्ट पाठव.

अश्विन कारखान्याचा भागीदार होता. तिनं जाऊन विचारलं, तेव्हा त्यानं नजर चुकवली नाही. "स्क्रीनवर एरर दिसली की शेतकरी फोन करतात. म्हणून ती ओळ मी टाकली. पत्ता तुला सांगायचा राहून गेला. लॉट बदल, आणि हे बाहेर जाऊ देऊ नको."

"या लॉटची यंत्रं अकरा चाळींत आहेत, सर."

"नोकरी करायचीय ना?"

ती बाहेर आली आणि तिनं अकराही चाळवाल्यांना फोन लावून सांगितलं, आमच्या आकड्यावर जाऊ नका, आजच कांदा उघडून बघा. मग पुंजारामची माफी मागितली. तो "बरं" एवढंच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नामपूरला जायला गाडी त्यानंच काढली.

चाळीत बसून सृष्टीनं पत्ता बदलला, ती ओळ काढली आणि नवा प्रोग्राम भरला. पडद्यावर अठ्ठ्याऐंशी उमटलं.

सिंधुबाईंनी आकड्याकडे पाहिलं, मग सृष्टीच्या तोंडाकडे. मग त्यांनी कोपरापर्यंत हात कांद्यात खुपसला आणि त्या आतली ओल स्वतः चाचपू लागल्या.