हिरव्या चिकटपट्टीची गाठ

बहिणीच्या नवऱ्याला शिव्या घालणं फार अवघड. जावई म्हणून अहो-जाहो करावं लागतं, आणि अहो-जाहोमध्ये शिवी काही नीट बसत नाही.

"जावईबापू, काय उचापत केलीत?" मी त्याच्या पिकअप ट्रकखालून ओरडलो.

"देवाशप्पथ काही नाही, दादा! चढावर 'लो'चं बटण दाबलं, तर दिवा नुसता लुकलुकतोय. गिअर पडतच नाही. म्हणून उलटा तुमच्याकडे आलो."

माझी बहीण वर खाणीच्या वसाहतीत, दिवस भरलेली, आणि सकाळपासून कळा सुरू. वरची चढण सगळी सुट्ट्या खडीची. चारही चाकांना तो 'लो'चा सावकाश, दांडगा जोर मिळाला नाही, तर ट्रक मागे घसरतो. रुग्णवाहिका तर पायथ्याशीच थांबते. माझ्या गॅरेजमध्ये चार वाजले होते.

फ्यूज बघितला, ठीक. रिले बदलून बघितला, तेच. गिअर हलवणाऱ्या छोट्या मोटरला थेट बॅटरी लावली, तर ती झकास फिरली. म्हणजे मोटर चांगली, तिला हुकूमच मिळत नव्हता.

"नको तिथे बोटं घालता तुम्ही!" मी म्हणालो. "मागे रेडिओ बसवलात, तेव्हाच कुठली तरी वायर तोडली असणार."

तो बिचारा मान खाली घालून उभा. फोन वाजला, बहिणीचा. त्याने स्पीकर लावला.

"किती वेळ?" तिचा आवाज दातांतून येत होता.

"येतोच गं," मी म्हणालो. खोटं बोललो.

मग स्वतःलाच दटावलं, की बाबा, पहिल्यापासून बघ. 'लो' कधी पडतो? गाडी थांबलेली हवी, गिअर न्यूट्रलला हवा आणि ब्रेकवर पाय हवा. पाय आहे की नाही, हे त्या संगणकाच्या डबीला कोण सांगतं?

"जावईबापू, ब्रेक दाबा. मी मागे बघतो."

त्याने दाबला. मागचे लाल दिवे लागलेच नाहीत.

मी केबिनमध्ये वाकलो आणि पेडलच्या वर टॉर्च मारला. तिथे ब्रेकच्या स्विचची वायर मोकळ्या पिनसकट लटकत होती. तिच्यावर हिरवी चिकटपट्टी आणि पट्टीला गाठ. अशी गाठ सगळ्या पंचक्रोशीत एकच माणूस मारतो, विसरू नये म्हणून.

आठ दिवसांपूर्वी ब्रेकच्या स्विचमुळे मागचे दिवे कायम जळत राहायचे. बॅटरी उतरू नये म्हणून मीच पिन काढली होती. नवा स्विच आला की बसवू म्हटलं, आणि साफ विसरलो; ट्रक तेव्हापासून खालीच होता, म्हणून 'लो'ची गरज कुणालाच पडली नाही. चोर तो चोर, वर शिरजोर! लाजेने कान तापले.

पिन परत बसवली. स्विच अडकलेलाच होता, त्यामुळे डबीला वाटलं ब्रेक दाबलेलाच आहे. बटण दाबलं. खालून 'खट्' झालं आणि दिवा स्थिर झाला. सुटलो रे बाबा!

"झालं गं!" जावई परत फोन लावून स्पीकरवर ओरडला. "एक वायर निसटली होती."

मला वाचवत होता तो. इतकं बोलून घेतल्यावरही.

"निसटली नव्हती," मी म्हणालो. "मीच काढून ठेवली होती, आणि मघापासून यांना बोलत होतो. चूक माझी."

ती म्हणाली, "दादा, माफी वर येऊन माग. आधी या दोघं!"

मागचे दिवे सगळ्या चढणीवर जळत राहिले. जळोत! ट्रक पायी चालल्यासारखा सावकाश, पण एकदाही न घसरता चढला. ती पिशवी घेऊन दारात उभी होती. मी हात धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं, तेव्हा तिने माझा हात इतका जोरात दाबला की बोटं दुखली.

"यांना यापुढे एक शब्द बोललास तर बघ," ती म्हणाली.

"नाही बोलणार," मी म्हणालो आणि मागे खुल्या हौद्यात जाऊन बसलो.