न झालेल्या सभेचा शिक्का

मी शिक्का बोलतोय, कांदिवलीच्या आशादीप सोसायटीचा गोल शिक्का. स्टेशनजवळच्या टपरीत माझं रबर कोरलं, लाकडी मूठ बसवली आणि सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका मला रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले.

बावीस वर्षं त्यांनी मला जपलं. कागद दोनदा वाचल्याशिवाय मला शाईच्या पॅडला टेकवत नसत. पोरांचे शाळाप्रवेश, पासपोर्ट, रेशनकार्ड... माझा जांभळा ठसा दिसला की साहेब लोक पुढचं विचारत नसत. मला त्याचा भारी अभिमान होता.

मग एका दुपारी कमिटीतला सुयोग आला. "काका, शिक्का द्या ना, दोन मिनिटांत आणतो."

काका बायकोला डॉक्टरकडे न्यायच्या गडबडीत होते. कागद न बघताच त्यांनी मला देऊन टाकलं.

सुयोगने मला एका इतिवृत्तावर दाबलं. सभा झाली, इमारत पाडून नवी बांधायला सगळे राजी आहेत, असं त्यात लिहिलं होतं. सभा झालीच नव्हती! तळमजल्यावरच्या जोसेफीनबाई तर मुळीच राजी नव्हत्या. त्यांचा नवरा इसिडोर अंथरुणाला खिळलेला. तळमजल्याचीच पर्यायी जागा लेखी मिळाल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. मी ओरडलो असतो. पण रबराला कुठला आवाज?

सुयोगने मला परत केलंच नाही. घर रिकामं करायची नोटीस आली, तशा जोसेफीनबाई काकांना घेऊन सरकारी कार्यालयात गेल्या. सुयोगलाही बोलावलं होतं. मी त्याच्या बॅगेत होतो.

"साहेब, मी हो म्हटलंच नाय कधी!" जोसेफीनबाई म्हणाल्या.

"बाई, सोसायटीचा शिक्का आहे ना या इतिवृत्तावर."

काकांनी अर्ज पुढे केला. "चूक माझी आहे, साहेब. शिक्का मीच दिला. सभा झाली नाही, हे लिहून आणलंय मी."

साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "यावर शिक्का कुठाय?"

काकांनी बॅगेकडे बघितलं. सुयोगने तिची चेन लावली.

परवा मुदत संपतेय. मी सुयोगच्या ड्रॉवरमध्ये पडलोय. इसिडोरना उचलायला कुणी येईल का, म्हणून जोसेफीनबाई दारोदार फिरतायत. काका नवा अर्ज घेऊन वरच्या साहेबांकडे गेलेत. त्याच्यावरही माझा ठसा नाही.

अहो, कुणीतरी वाचा तो अर्ज! माझा ठसा शोधू नका. सही करणारा माणूस तुमच्या टेबलासमोर उभा आहे, त्याला विचारा.