दोन कळांची पेटी

मित्रांनो, इस्त्रीच्या दुकानातल्या फळीवर, हँगरांच्या गठ्ठ्याशेजारी जी खरचटलेली लाकडी पेटी दिसते ना, ती मी. आता म्हातारी झाले आहे, पण एके काळी माझ्यासमोर बसण्यासाठी माणसं दुरून यायची.

एका सुताराने माझं अंग घडवलं आणि एका वायरमनने माझ्या पोटात तारा भरल्या. मला दोन कळा आहेत, एक लाल आणि एक निळी. डोक्यावर एक दिवा आहे. बरोबर कळ दाबली की दिवा लागायचा आणि माझ्या तोंडातून पेपरमिंटची गोळी पडायची. बरोबर कळ कोणती, हे मात्र मी मधूनच बदलायचे. थोडी लबाडच होते म्हणा ना.

मी एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. आपलं शरीर घडवणाऱ्या सूचना आईवडिलांकडून येतात, त्यांना जनुकं म्हणतात. त्यांत कधी एखादा बदल होतो. अशा बदलामुळे काहींच्या मनात बक्षिसाची गोडी नीट ठसत नाही का, आणि म्हणून मनाच्या आजारात शिकणं जड जातं का, हे तिथल्या डॉक्टरीणबाई शोधत होत्या.

एकदा एक ताई आपल्या धाकट्या भावाला घेऊन आली. तिचं इस्त्रीचं दुकान होतं. भाऊ मनाच्या आजारातून सावरत होता, औषधं वेळेवर घेत होता. पण शर्टाची घडी घालायला शिकवावी, तर दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. ताई मेटाकुटीला आली होती.

"आळशी आहे झालं. आता दुकानात आणतच नाही, घरीच बसू दे," ती म्हणाली. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. मला फार वाईट वाटलं.

तो माझ्यासमोर बसला. त्याने लाल कळ दाबली, दिवा लागला, गोळी पडली. ती मुकाट्याने चघळत त्याने निळी दाबली. असंच बराच वेळ चाललं, बरोबर कळ काही त्याच्या मनात ठसेना. चाचणी चालू असताना कोणी चकार शब्द काढायचा नाही, असा तिथला नियम. पण ताईला राहवेना. पुन्हा दिवा लागला, तसं तिच्या तोंडून निसटलं, "शाब्बास रे माझ्या राजा."

भावाने मागे वळून पाहिलं. मग लाल कळ दाबली. पुन्हा शाब्बास, पुन्हा लाल. मी लबाडीने निळीवर गेले, तर थोडा चुकतमाकत तोही निळीवर आला.

चाचणी अर्थातच फुकट गेली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना हसू आलं. "अहो, हे मला निकालात धरता यायचं नाही. पण एवढं सांगते, तो आळशी नाही. आपलं बरोबर आलं, हे त्याच्या मनाला चटकन पोचत नसावं. तुम्ही लगेच सांगत जा, दर वेळी सांगत जा."

पुढे दोघांचं रक्त तपासलं, तेव्हा जनुकातला तो बदल भावात सापडला. आणि ताईतही सापडला. ती घाबरली.

"बदल असला म्हणजे आजार होतोच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तरीच आपलं काही नीट जमलंय, असं मला कधी वाटतच नाही," ताई हळूच म्हणाली.

प्रयोगशाळेत चाचणीसाठी संगणकाचे नवे पडदे आले आणि मी अडगळीत गेले. डॉक्टरीणबाईंनी मला या दुकानात देऊन टाकलं. भाऊ घडी घालायचा, जमली की लाल कळ दाबायचा, दिवा लागायचा आणि ताई शाब्बास म्हणायची. हळूहळू घड्या अशा सुरेख जमू लागल्या, की गिऱ्हाइकं त्याचंच नाव काढू लागली. मग माझा दिवा गेला. तो कोणी बदलला नाही, माझ्यावर धूळ साचली.

परवा ताई एकटीच चादरींचा ढीग उपसत होती. शेवटची चादर झाली, तिने कंबर धरली. भावाने हातातला शर्ट ठेवला आणि माझी लाल कळ दाबली. दिवा लागला नाही. त्याने माझ्यावरची धूळ फुंकली, वळून पाहिलं आणि म्हणाला, "शाब्बास, ताई."

ताईने इस्त्री उभी ठेवली आणि बाहीने डोळे पुसले.

मित्रांनो, कोणी हळू शिकत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला शाब्बास म्हणा. आणि शिकवणारीलाही म्हणा, तिलाही ते ऐकायचं असतं.