टॅपस्कॉट यांच्या बोटीवरचा चहा

आमच्या पेनरफर्ड गावात हवेबद्दल कुणी काही म्हटलं की आपण हो म्हणायचं असतं. "आज जरा गारवा आहे," असं कुणी म्हणालं, तर तुम्ही घामाने निथळत असलात तरी "हो ना, आहे खरा," म्हणायचं. माझ्या नवऱ्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी स्टेशनवर एका गृहस्थांना "छे, मला तर उकडतंय" असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते गृहस्थ फलाटाच्या पार त्या टोकाला उभे राहायला लागले. नवरा वेल्सचा, त्याला काय माहीत. मी इथेच नदीकाठी जन्मले, त्यामुळे मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

सकाळच्या लंडनच्या गाडीत आम्ही चौघं समोरासमोरच्या चार जागांवर बसायचो. मी, मिस्टर टॅपस्कॉट, मिस क्वेनेल आणि मिस्टर पर्विस. किती वर्षं ते विचारू नका. मी त्या गाडीने जायला लागले तेव्हा माझे केस काळे होते. एवढ्या काळात आमच्यात झालेलं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि त्यातलंही निम्मं पावसाबद्दल. पण एकमेकांची माहिती सगळी होती. पर्विस यांना पसारा बघवत नाही. कुणी वर्तमानपत्राची घडी वाकडी घातली की त्यांचे हात शिवशिवतात. मिस क्वेनेल शब्दकोडं पेनाने सोडवतात आणि चुकल्या तर कोडं घालणाऱ्यालाच नावं ठेवतात. आणि टॅपस्कॉट यांचा त्यांच्यावर जीव होता.

हे आम्हाला कसं कळलं? टॅपस्कॉट गाडीच्या उलट्या दिशेला तोंड करून बसायचे आणि ते त्यांना मुळीच मानवायचं नाही. दोन स्टेशनं गेली की चेहरा पांढरा, आणखी दोन गेली की हिरवट, आणि लंडनला उतरल्यावर बिचारे खांबाला धरून उभे. पण समोरची, पुढे बघत जायची खिडकीची जागा त्यांनी मिस क्वेनेल यांच्यासाठी सोडली होती. रोज हात पुढे करून "प्लीज" म्हणायचे, त्या "थँक यू" म्हणून बसायच्या. आमच्या गावात याहून उघड प्रेम कुणी करत नाही.

जूनमध्ये टॅपस्कॉट निवृत्त झाले. शेवटच्या शुक्रवारी गाडी थांबता थांबता त्यांनी घसा खाकरला. "उद्या दुपारी माझ्या बोटीवर चहाला याल का? म्हणजे जमलं तर. नाही जमलं तरी काही नाही." बोलले तिघांना, बघत होते मिस क्वेनेल यांच्या पेनाकडे. सोमवारपासून ते गाडीत नसणार होते. जे काही बोलायचं ते या चहालाच बोलायचं, नाहीतर कधीच नाही. मला रात्री झोप लागली नाही, इतकी काळजी मला माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळीही वाटली नव्हती.

टॅपस्कॉट नदीवरच राहायचे. हिरवी, लांबोडकी बोट, काठावरच्या दोन खुंट्यांना दोन दोरांनी बांधलेली. इंजिन कधीच बंद पडलेलं. नांगर होता, पण त्याला त्यांनी जिरेनियमच्या फुलांची कुंडी टांगली होती. आत टेबलावर काकडीची सँडविचं, केक आणि पाच कप. पाचवा बहुधा माझ्या नवऱ्यासाठी, पण ते कुणी विचारलं नाही. बोटीचं तोंड वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला होतं, आणि मिस क्वेनेल यांना टॅपस्कॉट यांनी अर्थातच तोंडाकडे बघणारी जागा दिली. स्वतः समोर बसले.

पर्विस सगळ्यांत शेवटी आले. पायवाटेवर आडव्या गेलेल्या दोरात त्यांचा पाय अडकला. "सॉरी," असं ते दोराला म्हणाले. मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. खाली बसून त्यांनी दोन्ही दोर खुंट्यांवरून सोडले, त्यांची दोन सुबक वेटोळी केली, ती बोटीच्या कडेवर एका रांगेत ठेवली, आणि हात झटकत बोटीत आले. मी हे खिडकीतून पाहिलं. आता मी का बोलले नाही? तर मी पाहुणी होते, आणि बोट माझी नव्हती.

नदीच्या वरच्या अंगाला आठवडाभर पाऊस झाला होता, नदी भरून चालली होती. टॅपस्कॉट चहा ओतत होते तेव्हा खिडकीतली विलोची झाडं हळूच सरकायला लागली.

"छान हवा आहे," पर्विस म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"हो ना," आम्ही तिघांनी म्हटलं.

मग आमचं चर्च गेलं. पबची बाग आली. तिथे बसलेल्या लोकांनी ग्लास उंचावले, आम्ही कप उंचावले. काठावर कुत्र्याला फिरवणाऱ्या मिसेस ऑलडिस होत्या. त्या बोटीबरोबर चालायला लागल्या.

"काय हो टॅपस्कॉट, कुठे निघालात?"

"कुठे नाही, चहाला बसलोय."

"असं होय. मग चालू द्या." आणि त्या कुत्र्याला ओढत परत फिरल्या.

टॅपस्कॉट केक कापत होते. एकदा त्यांनी "मिस क्वेनेल" असं म्हटलं, मोठा श्वास घेतला, आणि "आणखी एक तुकडा?" असं विचारलं.  या माणसाने आयुष्यभर विमा कंपनीत लोकांना संकटांची किंमत सांगितली आणि आता स्वतःचं एक वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. नदीच्या खालच्या अंगाला बंधारा होता. त्याचा आवाज आता नीट ऐकू येत होता, आणि त्या बंधाऱ्यावरून जी बोट गेली ती फळकुटं होऊनच खाली पोचते, हे गावातल्या पोरासोरांना माहीत आहे.

बंधाऱ्याच्या अलीकडे बोटींसाठी पाण्याची दारं आहेत. ती उघडझाक करणारा ब्रॅडक काठावरून हात हलवत पळत येत होता. "ओ साहेब! बंधाऱ्याकडे चाललात! बंधाऱ्याकडे!"

"थँक यू!" टॅपस्कॉट यांनी खिडकीतून हात केला. मग खाली बसले आणि त्यांचं लक्ष मिस क्वेनेल यांच्याकडे गेलं. ते दचकलेच. "अरे देवा. आपण जागा बदलूया. उलटं जाताना तुम्हाला त्रास होईल."

 जाताना. बोट चालली आहे हे उघड करणारा शब्द तोंडातून निघून गेला होता. पर्विस यांनी कप बशीत ठेवला तो वाजला. बोटीचं तोंड वर आणि बोट खाली चाललेली, त्यामुळे मिस क्वेनेल खरंच उलट्या जात होत्या. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. गाल गुलाबी, डोळे चमकत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"मला उलटंच आवडतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उलटं जायला. लहानपणापासून. पुढे बघत बसले की मला मळमळतं. लंडन येईपर्यंत त्या कोड्यात डोकं खुपसून कसाबसा तग धरते."

टॅपस्कॉट यांच्या हातातली सुरी तशीच राहिली. "पण मग रोज तिथे का बसायचात?"

"तुम्ही इतक्या मनापासून द्यायचात हो."

"मला उलटं बसून ओकारी यायची."

"दिसायचं ते. मला वाटायचं, तुमची तब्येतच तशी आहे."

ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी सांगते, त्या वेळी बंधाऱ्यावरून गेलो असतो तरी त्यांना कळलं नसतं. मग मिस क्वेनेल यांनी रुमाल घडी करून टेबलावर ठेवला.

"आता एवढं बोललेच आहे तर सांगते. आपण वाहत चाललोय. बंधारा आलाय. नांगर कुठाय?"

"त्याला कुंडी टांगली आहे," टॅपस्कॉट म्हणाले.

"मग कुंडीसकट टाका."

तो नांगर उचलायला आम्ही चौघं लागलो. जिरेनियम, माती, साखळी, सगळं पाण्यात गेलं. बोट घसटत गेली, हिसका बसला, केक माझ्या मांडीवर आला, आणि बंधाऱ्यापुढे साखळीत ओवलेल्या, तरंगणाऱ्या पिवळ्या पिंपांना टेकून बोट थांबली. ब्रॅडक शिव्या घालत दोर घेऊन आला. त्याने एवढ्या शिव्या दिल्या की मला फार बरं वाटलं.

"दोर मी सोडले," पर्विस खाली बघत म्हणाले. "वाटेत येत होते."

"मी पाहिलं," टॅपस्कॉट म्हणाले. "फार सुरेख गुंडाळलेत."

"अहो, मग बोलला का नाहीत?" मला राहवलं नाही.

"पाहुण्यांना कसं बोलायचं?"

पण मुख्य बोलणं राहिलंच. ब्रॅडकने आम्हाला काठावर उतरवलं, सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. मी नवऱ्यावर विनाकारण चिडले. तो म्हणाला, तुम्ही सगळे वेडे आहात. मी म्हटलं, हो ना.

सोमवारी फलाटावर टॅपस्कॉट उभे होते. ऑफिसचा कोट, हातात छत्री, बॅग नाही. कामाला जायचंच नव्हतं तर बॅग कशाला. गाडी आली. त्यांनी सवयीने हात पुढे केला, पण मिस क्वेनेल त्यांना ओलांडून गेल्या आणि त्यांच्या, उलट्या दिशेच्या जागेवर बसल्या.

"बसा की," त्या म्हणाल्या.

ते पुढे बघत बसले. गाडी निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्टेशनं त्यांना येताना दिसत होती आणि प्रत्येक स्टेशन ते पोरासारखं मान वळवून बघत होते. तिसऱ्या स्टेशनापर्यंत चेहरा तसाच गुलाबी राहिला. तेव्हा त्यांनी धीर केला.

"दुपारनंतर पाऊस येईल असं वाटतं."

मिस क्वेनेल यांनी कोड्यातून मानही वर केली नाही. "छे हो. काही येत नाही."

पर्विस यांचं वर्तमानपत्र खाली पडलं आणि त्यांनी ते उचललं नाही. मी खिडकीबाहेर तोंड वळवलं, कारण मला रडू येत होतं आणि आमच्याकडे गाडीत रडत नाहीत.

संध्याकाळी पेनरफर्डला उतरलो तेव्हा धो धो पाऊस पडत होता. टॅपस्कॉट दिवसभर लंडनमध्ये कुठे फिरले देव जाणे, पण परतीच्या गाडीत आमच्याबरोबर होते. मिस क्वेनेल फलाटाच्या कडेला थांबल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "फारसा नाहीये."

आम्ही सगळे थांबलो. टॅपस्कॉट यांनी छत्री उघडली.

"आहे," ते म्हणाले. "चांगला जोरात आहे." आणि छत्री मिस क्वेनेल यांच्या डोक्यावर धरली.