अक्षता गिळलेला रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे मित्रांनो, पण दिवाणखान्यात कापडाखाली झाकलेला नव्हे. माझा मुक्काम एका करड्या फियाट मोटारीत, चालकाच्या डाव्या हाताशी. दोन बटणं, एक काटा आणि डोक्यावर, जाळीखाली, वर तोंड करून बसलेला स्पीकर, एवढाच माझा संसार.

गुणवंतराव दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत होते. गाडी घेतली तेव्हा त्यांनी मला हौसेने बसवून घेतलं. मग काय विचारता! त्यांच्या लेकीला, वृंदाला, पहाडगंजच्या मराठी शाळेत सोडताना मी बातम्या सांगायचो. पानिपतला चादरी आणायला निघालो की गाणी म्हणायचो. क्रिकेटची मॅच असली की सरकारी क्वार्टर्ससमोर गाडीची चारी दारं उघडी टाकत आणि अख्खी कॉलनी माझ्याभोवती गोळा होई. तेव्हा मी भलताच भाव खात असे.

दर दसऱ्याला गुणवंतरावांच्या पत्नी सुमित्राबाई गाडीची पूजा करत. बॉनेटला झेंडूची माळ, स्टिअरिंगला हळदकुंकू, आणि अक्षता मात्र माझ्यावर. "गाडीत बोलतो तो हाच," असं म्हणून त्या माझ्या जाळीवर भक्तिभावाने मूठभर अक्षता वाहत. त्या थेट स्पीकरच्या पोटात जात. मला ना खोकता येतं, ना शिंकता!

हळूहळू माझा आवाज खरखरू लागला. "म्हातारा झाला बिचारा," म्हणून मला बंद केलं गेलं. पुढे गाडी गुरुग्रामच्या सोसायटीत तळघरात उभी राहिली. देवाच्या नावाने माझा घसा बसला आहे, हे सांगणार तरी कोणाला? फार वाईट वाटायचं.

यंदा वडिलांच्या वाढदिवसाला गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, असं वृंदाने ठरवलं. इंजिन झालं, रंग झाला, उरलो मी. तिघंही मला घेऊन करोल बागेतल्या, मोटारींचं सामान बसवून देणाऱ्या एका दुकानात आली. वृंदाने मोठा स्क्रीन निवडला, दारांत बसवायचे स्पीकर निवडले आणि डिकीसाठी धडधडणारा एक खोकाही.

"ये पुराना निकालके फेंक देते हैं, मॅडम," दुकानदार म्हणाला. "बस, डॅशबोर्ड थोडा काटना पडेगा. दरवाजे भी."

माझी पाचावर धारण बसली. वृंदाने विचारलं, "बाबा, चालेल ना तुम्हाला?"

"बिल्कुल," गुणवंतराव म्हणाले आणि उगाच चष्मा पुसत राहिले. लेकीच्या हौसेत मोडता कसा घालायचा, या विचाराने त्यांनी माझ्याकडे बघायचंच टाळलं.

कटर लावण्याआधी दुकानदाराने माझी जाळी उचलली. आत तांबूस तांदळाचा थर! "चूहे का काम है," तो म्हणाला.

सुमित्राबाई वाकून बघू लागल्या. "अगंबाई! उंदीर कसला? या तर माझ्या अक्षता!"

"आई, तू इतकी वर्षं रेडिओला जेवायला घालत होतीस?" वृंदाला हसू आवरेना. दुकानदाराने ब्रशने माझं पोट साफ केलं, तार जोडली, काटा फिरवला. माझा आवाज बारीक होता, पण स्वच्छ निघाला: "ये आकाशवाणी है."

"कटर रख दीजिए, भाईसाहब," गुणवंतराव म्हणाले. मग वाकून त्यांनी स्वतःच माझा आवाज वाढवला. वृंदाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळी निवड पहिल्यापासून केली.

मी माझ्या जागेवर राहिलो. स्पीकरचा कागद विरला होता, म्हणून त्याच मापाचा नवा स्पीकर आला. मागच्या काचेपाशी छोट्या लाकडी पेटीत आणखी दोन, आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर सीटखाली आणि मोबाईलमधली गाणी माझ्यातून वाजवणारी ब्लूटूथची डबी पुढच्या कप्प्यात. डिकीतला खोका सुमित्राबाईंनी रद्द केला. तिथे सतरंजी आणि डबे राहतात. गाडीला कुठेही कापावं लागलं नाही. हुश्श! केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू!

परवाच्या दसऱ्याला सुमित्राबाई पुन्हा ताम्हन घेऊन आल्या. डावा तळहात त्यांनी माझ्या जाळीवर घट्ट ठेवला आणि उजव्या हाताने बॉनेटवर अक्षता वाहिल्या. त्या तळहाताखाली मी निवांत गात होतो.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा उघडून बघा. कदाचित तुमचीच माया आत अडकलेली असेल. आणि पूजा अगदी जरूर करा, फक्त अक्षता वाहताना आमच्या तोंडावर हात धरा.